घाटात मुलांना गाडी लागते तेव्हा काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मूल बोलायचं थांबतं. हे पहिलं लक्षण, आणि नेमकं हेच निसटतं, कारण मागची सीट शांत झाली की पुढे बसलेल्यांना बरंच वाटतं. मग जांभया सुरू होतात. रात्रीची झोप पुरेशी झालेली असते, तरी एकामागून एक जांभया. तोंडाला पाणी सुटतं, मूल सारखे आवंढे गिळतं. चेहरा उतरतो, ओठांभोवतीचा रंग फिका पडतो, कपाळावर आणि वरच्या ओठावर बारीक घाम येतो. हात लावून बघा, कपाळ गार लागतं. पुढे केलेला खाऊ ते ढकलून देतं. ज्याला अजून नीट सांगता येत नाही असं तीन-चार वर्षांचं पोर नुसती किरकिर करतं, पट्टा ओढतं, "उतरायचंय" म्हणून हट्ट धरतं. मोठं असेल तर म्हणतं, "आई, पोटात कसंतरी होतंय." हे वाक्य कानावर पडलं की माझ्या अनुभवात हातात पाच मिनिटं असतात. घाटात असलात तर त्याहून कमी.

उलटी सगळ्यात शेवटी येते. ती टाळायची असेल तर मूल गप्प झालं तेव्हाच हालचाल करायला हवी.

आमचं गाव चिपळूणजवळ आणि राहायला आम्ही पुण्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना अशा वर्षाला तीन खेपा ठरलेल्या. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून खाली, सगळं मिळून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. गाडी मीच चालवते. लेक तीन वर्षांची असल्यापासून हे चाललंय, आता ती अकराची आहे, आणि बहुतेक वेळा दिराचा मुलगाही बरोबर असतो. पहिली दोन वर्षं उलटीशिवाय एकही खेप झाली नाही. तेव्हापासून मी वही ठेवली. कोण कुठे बसलं, काय खाल्लं, कुठे त्रास झाला, सगळं लिहीत गेले आणि दर खेपेला एकच गोष्ट बदलत गेले. सगळं एकदम बदललं की फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खालचा क्रम त्या वहीतूनच आलाय. आधी फुकटातले उपाय, मग थोड्या पैशांचे, मग गॅरेज आणि शेवटी डॉक्टर.

त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगते. मूल नाटक करत नसतं. "मनात आणलं की लागतेच गाडी", "मागच्या वेळी उलटी झाली म्हणून आता घाबरतोय" असं आपल्या घरांत सर्रास बोललं जातं, आणि त्या पोराला मळमळीच्या वर अपराधी वाटायला लागतं. खरं कारण शरीरात आहे. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारा एक भाग असतो. गाडी वळली, ब्रेक लागला, उतारावर सुटली, की तो लगेच मेंदूला कळवतो, आपण हलतोय. पण मागच्या सीटवर बसलेल्या लहान मुलाच्या डोळ्यांसमोर असते फक्त पुढच्या सीटची पाठ, नाहीतर मांडीवरचा मोबाइल. डोळे कळवतात, आपण तर जागच्या जागी आहोत. दोघांचं सांगणं जुळत नाही आणि त्या गोंधळातून मळमळ उठते. चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही ती याचमुळे. पुढचं वळण त्याला दिसत असतं, स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं आणि शरीर आधीच तयार झालेलं असतं.

दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो जास्त, आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. घरात कुणाला अर्धशिशी असेल तर मुलांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. माझ्या सासूबाईंना आहे, नवऱ्याला आहे, आणि लेकीचं तर मी सांगितलंच.

खरंच गाडीच लागलीय का

आधी एवढं ठरवा. भूक, गॅस, लघवीची घाई, उकाडा, नाहीतर कालपासूनच पोट बिघडलेलं, या सगळ्यांनी मूल असंच कोमेजतं. सपाट जागी, सावलीत, सुरक्षित ठिकाणी गाडी उभी करा. मुलाला खाली उतरवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. चेहऱ्यावर रंग परत आला, ते इकडेतिकडे बघायला लागलं, बोलायला लागलं, की गाडीच लागली होती असं धरून चाला. थांबूनही काहीच फरक नाही, उलट्या चालूच आहेत किंवा अंगात ताप आहे, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: डोळे कुठे आहेत

याला एक पैसा लागत नाही आणि माझ्या वहीत सगळ्यात मोठा फरक यानेच पडलेला आहे. मूल मोबाइल बघतंय, चित्र रंगवतंय, गोष्टीचं पुस्तक वाचतंय किंवा सीटखाली पडलेली गाडी वाकून शोधतंय, तर आधी ते थांबवा.

आमच्याकडे नियम असा आहे. पुणे ते उंब्रज रस्ता रुंद आहे, वळणं कमी. तिथे थोडा वेळ मोबाइल चालतो, खंबाटकी घाटाचा टप्पा सोडून. उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो की मोबाइल माझ्या पर्समध्ये. हा नियम केला त्या खेपेला लेक कोयनानगरला स्वतःच्या पायांनी उतरली आणि "भूक लागली" म्हणाली. तोवर तिथे पोचेपर्यंत ती नेहमी पांढरीफटक पडलेली असायची. ज्या मुलाला सरळ रस्त्यावरही त्रास होतो, त्याला मात्र निघाल्यापासूनच मोबाइल देऊ नका.

नुसता काढून घेतला तर भांडण होणार, म्हणून बदल्यात काहीतरी हवं, आणि ते समोर बघायला लावणारं हवं. आमच्याकडे दोन खेळ चालतात. एक म्हणजे मैलाचे दगड ओळखणं. वरचा रंग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. जो आधी ओळखेल त्याला गुण. दुसरा खेळ घाटातला: "पुढचं वळण डावं की उजवं?" मुलाने आधी ओरडून सांगायचं आणि मग मी वळायचं. याने मूल जवळजवळ चालवणाऱ्याच्या जागी येतं, वळण यायच्या आधी त्याचं शरीर सावरतं. पुतण्याला हा खेळ इतका आवडतो की "काकू, थांब, मी सांगितलंच नाही अजून" म्हणतो. ऐकायच्या गोष्टी, गाणी, अंताक्षरी हेही चांगलं, कारण डोळे मोकळे राहतात.

बाहेर बघ म्हणजे कुठे बघ, हेही सांगावं लागतं. बाजूच्या काचेतून जवळची झाडं, कठडे सर्रकन मागे जाताना बघितले तर त्रास उलट वाढतो. समोरच्या काचेतून दूरचा डोंगर, दूरचा रस्ता, क्षितिज बघायचं.

गणपतीच्या दिवसांत कुंभार्लीत धुकं असतं, दहा-पंधरा फुटांपलीकडे काही दिसत नाही. तेव्हा बाहेर बघण्यात अर्थ नसतो, डोळ्यांना धरायला काहीच नसतं. तिथे डोळे मिटून, डोकं मागे सीटला टेकवून, सावकाश श्वास घेत बसणं चांगलं. डोळे मिटले की निदान त्यांची उलटसुलट माहिती तरी मेंदूकडे जात नाही.

दुसरी तपासणी: हवा आणि वास

एसीच्या बटणांत एक असं असतं ज्यावर गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण असतो. ते दाबलेलं असेल तर आतलीच हवा आत फिरत राहते. धूळ टाळायला आपण ते लावतो आणि विसरतो. चार-पाच माणसं तासन् तास तीच हवा घेत बसतात, ती कोंदट होते, जडपणा येतो आणि ज्या मुलाला आधीच मळमळतंय त्याला ते सोसत नाही. घाटाच्या आधी ते बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्या. पाऊस नसेल तर एसी बंद करून समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं खाली घ्या. तोंडावर गार वारा आला की मुलाला लगेच बरं वाटतं.

मग वास. डॅशबोर्डवरची सुगंधी डबी, आरशाला टांगलेला परफ्यूम, मोगऱ्याचा गजरा, उघडलेलं वेफर्सचं पाकीट, डब्यातली अंडी. मोठ्यांना जाणवतही नाही, मुलाला तेवढ्याने उमळून येतं. सुगंधी डबी निघायच्या आदल्या दिवशीच काढा आणि रात्रभर गाडी हवेशीर ठेवा, कारण तो वास कापडात बसलेला असतो. पेट्रोल भरताना मुलाच्या बाजूची काच वर.

एवढं करूनही एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर एसीचा फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो आणि खण काढला की हाताने निघतो. आमच्या गाडीचा मी पहिल्यांदा काढला तेव्हा घड्यांमध्ये कडुलिंबाची सुकलेली पानं, एक मेलेला पतंग आणि काळ्या धुळीचा ओला थर होता, पावसाळ्यात वाळत घातलेल्या गोणपाटासारखा वास. तीन वर्षं मुलं तीच हवा घेत होती. नवा फिल्टर काही शे रुपयांत येतो.

तिसरी तपासणी: पोटात काय आहे

इथे आपल्याकडे दोन्ही टोकांच्या चुका होतात. एक टोक म्हणजे "काही देऊच नको, सगळं बाहेर येईल." रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, आणि उलटी झालीच तर नुसतं कडू पित्त पडतं, ते मुलाला फार त्रासदायक. दुसरं टोक म्हणजे पहाटे पाचला जबरदस्तीने पाजलेला पेलाभर दूध आणि मग हायवेवर मिसळ-वडा. तळलेलं आणि तिखट पोटात बराच वेळ राहतं आणि घाट लागतो तेव्हा ते तिथेच असतं.

पोट हलकं भरलेलं हवं. घाट लागायच्या तास-दीड तास आधी मऊ, कोरडं, बिनतेलाचं काहीतरी. इडली, मेतकूट-भात, साधी पोळी, टोस्ट, केळं, राजगिऱ्याची वडी. पाणी एकदम नाही, घोट घोट. आमची मुलं पाटणच्या अलीकडे गाडी थांबवून अर्धी अर्धी पोळी खातात आणि खाली उतरेपर्यंत बाकी काही नाही.

घरगुती उपायांबद्दल माझं मत सांगते. आलेपाक मोठ्या मुलांना मी देते, आल्याने मळमळीला उतार पडतो असा आमचा अनुभव आहे. लिंबू हुंगल्याने दुसरे वास झाकले जातात आणि मुलाच्या हातात काहीतरी राहतं, म्हणून तेही बरोबर असतं. पोटाशी वर्तमानपत्राची घडी धरायची ही आमच्या आत्यांची पद्धत मी तीन खेपा करून पाहिली, काही फरक पडला नाही, सोडून दिली. आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलांना चालत्या गाडीत कडक गोळ्या, शेंगदाणे, फुटाणे अजिबात देऊ नका. खड्ड्यात गाडी आदळली आणि दाणा घशात अडकला तर पुढच्या सीटवरून हात पोचत नाही.

चौथी तपासणी: बसण्याची जागा

सात सीटच्या गाडीत सगळ्यात मागची रांग मुलांना द्यायची आपली सवय आहे, कारण ती त्यात मावतात. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी ती सगळ्यात वाईट जागा. मागच्या चाकांच्या वर किंवा मागे असल्यामुळे तिथे धक्का आणि झोल जास्त बसतो, आणि समोर नुसत्या सीटच्या पाठी दिसतात. त्याला मधल्या रांगेत घ्या. पाच सीटच्या गाडीत मागच्या सीटच्या मध्यभागी बसलं तर समोरच्या काचेतून रस्ता दिसतो, पण त्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा असेल तरच. नुसता कमरेचा पट्टा असेल तर कडेची जागाच बरी.

उंचीचा प्रश्न मला फार उशिरा कळला. एकदा मी स्वतः लेकीच्या जागेवर, तिच्या डोळ्यांच्या पातळीला येईल इतकी खाली सरकून बसले. काचेचा वरचा कोपरा आणि त्यात आभाळ, एवढंच दिसत होतं. रस्ता नाही, डोंगर नाही. आठ वर्षांच्या मुलाला "बाहेर बघ" सांगून काय उपयोग, बाहेर दिसतच नाही. मुलांसाठीचं उंच बसवणारं आसन, ज्याला दुकानात बूस्टर म्हणतात, ते घेतल्यावर तिला पहिल्यांदा समोरचा रस्ता दिसला. शिवाय पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून जायला लागला, आणि ते आसन मुळात त्यासाठीच असतं. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत ते वापरायचं. उशी किंवा लोड ठेवून उंची वाढवू नका, ब्रेक लागला की ती सटकते.

त्रास होतो म्हणून मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेणं तर नकोच. समोरची एअरबॅग उघडली तर मूल तिच्या आणि मोठ्या माणसाच्या मधे चिरडतं. आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेलं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेपासून १,००० रुपये दंड आहे. मळमळणाऱ्या मुलाला "जरा आडवं हो" म्हणून चालत्या गाडीत पट्टा काढून झोपवणं ही चूक मी केलेली आहे. पुन्हा कधी केली नाही.

पाचवी तपासणी: चालवणारा

हे वाचताना राग येऊ शकतो, पण जो घाटात गाडी चालवतो त्याच्या पायात निम्मं औषध आहे.

एक पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि दोन सीटच्या मधल्या खाचेत उभी ठेवा. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं, बाटलीकडे लक्ष दुसऱ्या मोठ्या माणसाने ठेवायचं. पाणी सावकाश कलतं आणि सावकाश परत येतं, तर चालवणं ठीक. पाणी सारखं पुढे उसळून झाकणाला लागतंय, तर पाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर नाचतोय. मुलाच्या पोटातही तेच चाललेलं असतं.

नवऱ्याने बाटलीकडे बघून मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझी चूक कळली. मी वळणात शिरल्यावर ब्रेक मारत होते. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. मग एकाच वेगात वळण काढायचं आणि बाहेर पडल्यावर हलकेच वेग वाढवायचा. कुंभार्ली उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवला तर इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागत नाही आणि ब्रेकही तापत नाहीत. पुढे ट्रक असेल तर सरळ त्याच्या मागे राहा, अंतर ठेवून. दर वळणाला डोकावून ओव्हरटेकची संधी शोधायची, सुटायचं, परत दाबायचं, याने दहा मिनिटं वाचतात आणि मागे उलटी होते.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी एक. पाय उचलला की ती स्वतःहून जोरात मंदावते, कारण चाकांतून वीज परत घेतली जाते. त्या झटक्याने मागच्यांना जास्त मळमळतं. सेटिंगमध्ये तो जोर कमी करता येतो, घाटात आणि गर्दीत मुलं असताना तो सगळ्यात कमी ठेवून बघा.

सहावी तपासणी: वेळ आणि थांबे

दर दोन तासांनी एक थांबा, आणि घाटाच्या आधी एक सक्तीचा. आमचा थांबा कोयनानगरला. पंधरा मिनिटं पायी फिरायचं, तोंडावर पाणी मारायचं, लघवीला जाऊन यायचं. मळमळ साठत जाते. पाटणपासून थोडी थोडी चढलेली असेल आणि तशीच घेऊन घाटात शिरलात तर तिसऱ्या वळणाला मूल हात तोंडाशी नेतं. कोयनानगरला ती उतरवून मग निघायचं.

पहाटे चारला निघाल्याने मूल साताऱ्यापर्यंत झोपतं, हे खरं आहे. पण आमच्या मार्गावर त्रासाचा भाग शेवटी आहे, तेव्हा ते टक्क जागं असतं. ताम्हिणीसारखा घाट पुण्यातून निघाल्यावर तासा-दीड तासात लागतो, तिथे पहाटेची झोप खरंच कामी येते. तुमच्या रस्त्यावर घाट कुठे आहे ते बघून झोपेची वेळ जुळवा.

थांबल्यावर मुलाला काच बंद गाडीत एकटं सोडू नका, पाच मिनिटांसाठीही. उन्हात आतली हवा फार भरकन तापते.

सातवी तपासणी: गाडी

इथपर्यंत सगळं केलं तरी पूर्वी ज्या मुलाला त्रास नव्हता त्याला अचानक व्हायला लागला, किंवा मोठ्यांनाही जड वाटायला लागलं, तर गाडी बघा.

टायरमधली हवा आधी. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर किती हवा हवी त्याचा तक्ता चिकटवलेला असतो. थंड टायरवर तेवढीच भरा. पंपावर "चाळीस टाकू का" विचारतात आणि आपण हो म्हणतो, मग गाडी प्रत्येक खडीवर उड्या मारते. त्यानंतर शॉकअप. बॉनेटच्या कोपऱ्यावर वजन टाकून गाडी दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा डोलत राहिली तर शॉकअप गेलेत. हे सावकाश डोलणं पोटाला सगळ्यात वाईट, बोट लागते तीही त्याच प्रकारच्या हेलकाव्याने. शॉकअप बदलणं घरचं काम नाही, गॅरेजमध्येच न्या.

आता जे लिहितेय ते गाडी लागण्यापेक्षा गंभीर आहे. गाडीत एकट्या मुलाला नव्हे तर सगळ्यांनाच डोकेदुखी, गुंगी, मळमळ होतेय, आणि काचा उघडल्या किंवा बाहेर पडलं की बरं वाटतंय, तर सायलेन्सरच्या नळीतून गळती होऊन धूर आत येत असेल. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. इंजिन बंद करा, सगळे बाहेर पडा, आणि ती गाडी चालवत पुढे नेऊ नका. मेकॅनिकला तिथे बोलवा किंवा टो करून न्या. कुणाला जास्त गुंगी आली असेल किंवा नीट बोलता येत नसेल तर आधी १०८. गणपतीला सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधतात, त्यातूनही मागचा धूर आत ओढला जातो. तसं निघू नका. सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास आला तर इंजिन बंद, कुठलंही बटण दाबायचं नाही, सगळ्यांनी लांब जायचं.

आठवी तपासणी: औषध

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. गाडी लागू नये म्हणून औषधं असतात आणि चांगली असतात, पण ती मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा करून द्यायचा प्रकार आमच्या नात्यात एकदा झाला. ते पोर चिपळूणला पोचलं, संध्याकाळ झाली, तरी पेंगतच होतं आणि त्याची आई रात्रभर त्याच्या उशाशी बसून होती. या औषधांपैकी प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, त्याने श्वास मंदावू शकतो. काही मुलं औषधाने झोपायच्या ऐवजी उलट जास्त चळवळी होतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध पहिल्यांदा द्यायचं ते प्रवासाच्या दिवशी की आधी घरी, हे त्यांनाच विचारा. बहुतेक औषधं निघायच्या अर्धा-एक तास आधी द्यावी लागतात. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर पडते.

उलटी झालीच तर

आमच्या मागच्या सीटच्या खिशात कायम एक जाड प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात छोट्या पिशव्या (आधी फुगवून बघून, भोक नसलेल्या), जुना पंचा, ओल्या पुसण्या, मुलाचे कपड्यांचे दोन जोड आणि खायचा सोडा. मुलाला पुढे वाकवा, मागे रेलू देऊ नका, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. घाटात वळणावर थांबू नका, रुंद जागा मिळेपर्यंत पिशवी धरा. तोंड धुवा, कपडे बदला आणि पाठीवरून हात फिरवत सांगा, "झालं, काही नाही." पंधरा-वीस मिनिटांनी एक-एक घोट पाणी किंवा ओआरएस. लगेच ग्लासभर पाजलं तर तेही बाहेर येतं. सीटवर सांडलं असेल तर पुसून वर सोडा भुरभुरा आणि गावाला पोचल्यावर झाडा, वास बराच जातो. नाहीतर परतीच्या प्रवासात त्या वासानेच पुन्हा मळमळतं.

कुठे थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे

खालच्यापैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय, आले-लिंबू, सगळं बंद. जवळच्या गावात डॉक्टर गाठा.

गाडी थांबून तास-दोन तास झाले तरी उलट्या चालूच आहेत. उलटीत रक्त आहे किंवा ती हिरवी आहे. सहा-आठ तासांत लघवी नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही. पोट एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली, दुखतंय आणि हात लावू देत नाही. ताप आहे, मान आखडली आहे, डोकं असह्य दुखतंय. मूल सुस्त पडलंय, हाक मारली तर नीट ओ देत नाही. प्रवासात किंवा त्याआधी डोक्याला मार लागला होता आणि आता उलट्या होताहेत. यातलं सुस्त पडणं, ओ न देणं आणि डोक्याचा मार असेल तर वाट न बघता १०८ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरही मदत मिळते. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कोयनानगर सोडायच्या आधीच मुलाकडे नीट बघून घ्या, शंका असेल तर घाट उतरू नका.

आणि एक प्रकार असा आहे ज्याचा गाडीशी संबंध नाही, पण आपण तो गाडीवर ढकलतो. मूल घरीही सकाळी उठल्या उठल्या उलटी करतं, डोकं दुखतं म्हणतं, चालताना तोल जातो, एखादा डोळा तिरपा वाटायला लागलाय किंवा जमीन सपाट असतानाही त्याला गरगरतं. प्रवास पुढे ढकला आणि त्याच आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना वही बरोबर न्या. कुठल्या तारखेला, किती वाजता, काय खाल्ल्यावर, हे लिहिलेलं असलं की त्यांना विचारावं लागत नाही.